गल्लीतल्या बेकरीबद्दल लोकांचं मत कशावरून बनतं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. चिंचवडमधली वडिलांची बेकरी तुम्ही चालवायला घेतली. दर्शनी भाग नवा केला, काचेची लांब शोकेस लावली, पिवळे दिवे बसवले, पेस्ट्री आणि पिझ्झा सुरू केला. कारागीर तेच, मैदा त्याच गिरणीचा. तरीही गूगलवर गाडी ३.६ वर अडकली आहे, 'चव छान, पण' अशी सुरुवात असलेले शेरे वाढलेत आणि रोज पाव न्यायला येणारी जुनी माणसं दिसेनाशी झालीत. समोरच्या वाण्याने आणि कोपऱ्यावरच्या परमिट रूमने साधा रंगही काढलेला नाही, त्यांच्याकडची वर्दळ मात्र तशीच आहे. असं का होतं आणि आता काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं पुण्याच्या उपनगरांत फरसाण, खारे शेंगदाणे, टोस्ट आणि सोड्याची लाइन चालवली, म्हणजे दुकानोदुकानी माल टाकला. सकाळी बेकऱ्या, दुपारी वाणी, संध्याकाळी परमिट रूम. मागचं बिल हातात पडेपर्यंत प्रत्येक काउंटरवर उभं राहावं लागतं आणि तेवढ्या वेळात गिऱ्हाईक काय बोलतं, काय न बोलता निघून जातं, हे आपोआप कळत जातं. पुढे स्वतःची बेकरी काढली. आजही सकाळच्या गल्ल्यावर मीच बसतो. खाली जे सांगतोय ते काउंटरच्या दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे.

लांबून मुद्दाम आलेला माणूस चवीवर मत देतो. गल्लीतला माणूस आपलं काम झालं की नाही यावर मत देतो. सकाळी सातला लेकरू शाळेत जायच्या आत एक लादी पाव घेऊन तो घरी पोचला, सुटे पैसे बरोबर मिळाले, विचारलेल्या गोष्टीला सरळ उत्तर मिळालं, की त्याच्या लेखी दुकान चांगलं. पाव बरा असला म्हणजे झालं, उत्तम असलाच पाहिजे असा त्याचा हट्ट नसतो. पण दोन वेळा हेलपाटा पडला की तो तिसऱ्या वेळी वाट बदलतो, आणि तुम्हाला सांगायला येत नाही.

तुम्ही पाठवलेले शेरे याच नजरेने वाचले. 'साडेआठलाच पाव संपला.' 'खारी मऊ पडलेली.' 'दोन ब्रेड घ्यायला दहा मिनिटं उभं राहिलो.' 'सुटे नाहीत म्हणून चॉकलेट हातात दिलं.' 'केकवर मुलीचं नाव चुकलं.' यात चवीबद्दलची तक्रार एकही नाही. मऊ खारीसुद्धा कारागिराच्या हाताची चूक नाही, ती तुमच्या नव्या शोकेसची आहे.

शोकेसपासूनच सुरुवात करू, कारण तुमचा बराचसा घोळ तिथे आहे. वडिलांच्या वेळी खारी, टोस्ट आणि बटर घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत असायचे. गिऱ्हाईक आलं की डबा उघडायचा, तोलायचं, झाकण लावायचं. आता तीच खारी दिव्याखाली उघड्या ट्रेमध्ये दिवसभर मांडलेली असते. दिसायला सुरेख दिसते. पण खारीचे पापुद्रे म्हणजे लोण्याचा किंवा मार्गरीनचा थर देऊन लाटलेले, भट्टीत पूर्ण कोरडे केलेले पातळ पदर. हवेतला दमटपणा ते झपाट्याने ओढून घेतात. जून ते सप्टेंबर तर उघडी खारी काही तासांत सादळते. ती घरी जाऊन चहात बुडवणाऱ्या आजोबांना काचेचं कौतुक नसतं. त्यांना पूर्वी कुरकुरीत आवाज यायचा, तो आता येत नाही, एवढंच कळतं आणि ते म्हणतात, 'मुलाच्या हातात गेल्यावर माल बिघडला.' माल तोच आहे, ठेवायची जागा बिघडली. ट्रेमध्ये नमुन्यापुरते चार तुकडे ठेवा, विक्रीचा माल डब्यातून द्या.

खारीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासा. खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर चिकटतो का? तसं होत असेल तर वापरलेली चरबी तोंडाच्या उष्णतेला पूर्ण वितळत नाही. लोकांना हे शब्दांत मांडता येत नाही, ते फक्त 'तेलकट वाटली' म्हणतात आणि पुढच्या वेळी पाव किलोऐवजी शंभर ग्रॅम घेतात. कारागिराला न सांगता पुरवठादाराने मार्गरीनचा ब्रँड बदललेला असू शकतो. डब्यावरचं लेबल स्वतः वाचा.

आता पाव. तुमच्या दुकानात पूर्वी पाव पुढे होता, फडक्याखाली, फळीवर. आता पुढे पेस्ट्री आणि पाव आत, फ्रिजच्या पलीकडे. त्यामुळे एक लादी हवी असलेला माणूस पेस्ट्री निवडणाऱ्या चौघांच्या मागे उभा राहतो. पेस्ट्री निवडायला वेळ लागतोच. मुलं काचेवर बोट ठेवतात, आई किंमत विचारते, बाबा 'एगलेस आहे ना?' विचारतात. त्यात त्यांची काही चूक नाही. पण पाववाल्याचं काम वीस सेकंदांचं आहे आणि त्याला तुम्ही पाच मिनिटांच्या रांगेत घातलंय. पावासाठी दाराजवळ वेगळी जागा करा, एक पोरगा फक्त तिथे उभा करा, आणि संध्याकाळी पाच ते आठ त्याला दुसरं काही काम सांगू नका. बाकी काहीच जमलं नाही तरी एवढं करा.

पाव संपण्याची तक्रार जरा खोलात जाऊन बघायला हवी. तुम्ही म्हणता पूर्वीपेक्षा जास्त पाव काढतो, तरी संपतो. वाढलेला पाव जातो कुठे, तर वडापावच्या गाड्यांना आणि मिसळीच्या हॉटेलांना. त्यांची ऑर्डर ठरलेली असते, ते पहाटे क्रेट उचलतात आणि काउंटरला उरलंसुरलं येतं. रविवारी हे जास्त जाणवतं, कारण त्या दिवशी घरोघरी मटणाचा किंवा मिसळीचा बेत असतो आणि हॉटेलांचीही मागणी दुप्पट होते. हॉटेलचा धंदा हवाच, रोख आणि नियमित असतो. पण भट्टीतून पाव बाहेर आला की आधी काउंटरचा वाटा बाजूला काढायचा, मग क्रेट भरायचे. माझ्याकडे हा वाटा ठरलेला आहे आणि हॉटेलवाल्याने कितीही गळ घातली तरी त्याला हात लागत नाही. हॉटेलवाला दोन रुपये स्वस्त मिळाला की उद्या दुसरीकडून घेईल. घरगुती गिऱ्हाईक भावाकरता सहसा हलत नाही.

थंडीत मात्र वेगळी अडचण येते. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची पहाट गार असते, भिजवलेलं पीठ फुगायला जास्त वेळ घेतं. कारागीर नेहमीच्या वेळेला उठला तर पाव उशिरा निघतो, आणि वेळ गाठायची म्हणून घाई केली तर तो गच्च आणि लहान निघतो. लोक तो हातात दाबून बघतात आणि मनाशी ठरवतात की यांनी वजन मारलं. यावर उपाय साधा आहे, थंडी सुरू झाली की पीठ लवकर भिजवायचं. आणि गरम पाव प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका. आतून घाम सुटतो, दुसऱ्या दिवशी बुरशी दिसते, आणि ती पिशवी घेऊन येणाऱ्या बाईंशी वाद घालायची वेळ येते. फ्रिजमध्ये ठेवलेला पाव लवकर कडक होतो, हेही गिऱ्हाइकाला सांगत जा. बऱ्याच जणांचा समज उलटा असतो आणि खापर तुमच्यावर फुटतं.

वेळेचं महत्त्व बघायचं असेल तर गोव्यात बघा. तिथला पोदेर, म्हणजे दारोदार फिरणारा पाववाला, सकाळी आणि संध्याकाळी सायकलवर टोपली बांधून येतो, त्याचा भोंगा वाजला की लोक दारात येतात किंवा दाराला आधीच पिशवी अडकवून ठेवतात. पाव, पोई, उंडे, काकणं असे पावाचे प्रकार, ज्याला जे हवं ते. एखाद्या वाड्यावरचा पोदेर चांगला की वाईट हे विचारलं तर आधी त्याची वेळ सांगतात, चव नंतर.

भट्टी बदलली असेल तर तेही गिऱ्हाइकांना कळवा. मुंबईत जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. तिथल्या मालकांना खर्चाइतकीच चिंता होती ती गिऱ्हाइकाच्या जिभेची, विशेषतः ब्रून आणि कडक पावाच्या बाबतीत, कारण त्यांची खरी ओळख वरच्या कवचात असते. इंधन बदललं की तापमान नव्याने बसवावं लागतं. त्या काळात काउंटरवर 'भट्टी बदलतोय, पाव कसा वाटतो सांगा' एवढं बोललं तर लोक सांभाळून घेतात. गुपचूप बदल केला की संशय घेतात.

विश्वास कसा बसतो हे ज्याला शिकायचं असेल त्याने दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात जुन्या बेकरीत जाऊन उभं राहावं. घरचं तूप, पिठीसाखर, मैदा आणि रवा घेऊन बायका नानकटाई भाजून घ्यायला येतात. बेकरी फक्त किलोमागे मजुरी घेते. स्टीलच्या डब्यावर नाव लिहिलेलं, ट्रेच्या कोपऱ्यात चिठ्ठी खोचलेली. माझ्याकडे एक आजी यायच्या. त्यांचं तूप परातीत पडेपर्यंत त्या कारागिराच्या शेजारून हलत नसत. तूप फेसलं, मैदा मिसळला, गोळे वळून ट्रेमध्ये मांडले, मधोमध चारोळीचा दाणा दाबला, मग त्या बाहेरच्या बाकावर येऊन बसायच्या आणि पहिला ट्रे निघायच्या वेळी पुन्हा आत डोकावून म्हणायच्या, 'जरा लालसर येऊ द्या हो, मागच्या खेपेला पांढुरक्या राहिल्या.' कारागीर ट्रे परत आत सरकवायचा.

ट्रेची ही अदलाबदल, चिठ्ठी गळून पडणं, तुपाचा वास, गर्दी, यात बेकरीवाल्याचा जीव मेटाकुटीला येतो आणि मजुरीत फारसं सुटत नाही. म्हणून नव्या पिढीने हे काम बंद केलं. तुम्हीही केलंत, असं पत्रात लिहिलंय. मी तुम्हाला ते पुन्हा सुरू करा असं आग्रहाने सांगेन. ज्या बाईने तुमची परात, तुमचा ओटा आणि तुमच्या कारागिराची नखं डोळ्यांनी पाहिलीत, ती वर्षभर तुमचा पाव न विचारता नेते, आणि शेजारणीलाही सांगते. तुम्ही भिंतीवर 'स्वच्छता हेच आमचे ब्रीद' असा फलक लावला आहे. त्या फलकाने हे काम होत नाही.

समोरच्या वाण्याकडे वळू. त्याच्याकडे जागा नाही, पोती वाटेत असतात, पंखा कुरकुरतो. पण तुमच्या आळीतली माणसं तिथे का जातात, हे मी त्याच्या गल्ल्याशेजारी उभा राहून पाहिलंय, म्हणजे अगदी त्याच्याच नाही, पण त्याच्यासारख्या कितीतरी दुकानांत. तो पाच रुपयांचं जिरं देतो. एक अंडं देतो. किडलेली डाळ परत आणली तर पिशवीत डोकावून बघतो आणि काही न बोलता बदलून देतो. महिनाअखेरीला उधारीच्या वहीत टिपतो आणि चार लोकांसमोर बाकी काढत नाही. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. उधारी देणारे पुष्कळ असतात, उधारी मागताना माणसाची अब्रू सांभाळणारे थोडे. ज्याची अब्रू सांभाळली तो घरपोच दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या ॲपकडे वळला तरी मोठं किराण्याचं सामान याच्याकडूनच भरतो.

सुट्या पैशांचं त्याच्याकडून शिका. चॉकलेट हातात टेकवणं म्हणजे गिऱ्हाइकाने न मागितलेली वस्तू त्याच्या पैशाने त्याला विकणं. रक्कम एक-दोन रुपयांची असते म्हणून कोणी भांडत नाही, पण घरी जाऊन बोलतात. दहाच्या नाण्याचंही तसंच. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं की दहाच्या नाण्याची सगळी १४ डिझाइन्स चलनात वैध आहेत, तरी आजही काही दुकानांत 'हे चालत नाही' ऐकू येतं. तुमच्या पोरांना सांगून ठेवा. रोज सकाळी गल्ल्यात एक, दोन आणि पाचची नाणी मोजून ठेवणं हे पीठ मळण्याइतकंच धंद्याचं काम आहे. यूपीआयमुळे हा प्रश्न पुष्कळ कमी झाला, पण पाव घ्यायला घरातली लहान मुलं आणि म्हातारी माणसं येतात आणि त्यांच्या हातात अजून नाणी असतात.

छापील किमतीवर दोन रुपये 'थंड करण्याचे' घेण्याची सवय तुमच्याकडे असेल तर आजच बंद करा. दुकानात छापील किमतीपेक्षा जास्त घेणं वैधमापन कायद्यात बसत नाही. परमिट रूममध्ये तीच पाण्याची बाटली जास्त दराने मिळते, आणि डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल-रेस्टॉरंटना तशी मुभा असल्याचं सांगितलं, कारण तिथे बसायची जागा आणि सेवा असते. गंमत बघा, तिथे दहा-वीस रुपये जास्त देणारा माणूस कुरकुरत नाही आणि तुमच्याकडे दोन रुपयांवरून तणतणतो. तिथे दर मेनूकार्डावर आधी छापलेला असतो. तुमच्याकडे तो पैसे देताना कळतो. माणसाला जास्त पैशाचा राग येतो त्याहून अधिक राग नंतर कळल्याचा येतो.

परमिट रूमबद्दल तुम्ही नुसतं विचारलंत, पण तिथून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. मी सोडा आणि शेंगदाणे टाकायला जायचो ती वेळ दिवे लागायच्या आसपासची, नेहमीची माणसं यायला लागायची. चांगल्या परमिट रूममध्ये वेटर बाटली टेबलापाशी आणतो, मापाने तीस किंवा साठ मिली गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर ओततो. क्वार्टर मागवली तर सील टेबलावर फोडतो. जिथे ग्लास आतून भरून येतो तिथे माल कितीही अस्सल असो, लोक एकमेकांना हळूच सांगतात, 'इथे पाणी मारतात.' एकदा ही कुजबुज सुरू झाली की ती थांबवता येत नाही. चकण्याचंही तसंच. वाटीभर शेंगदाणे आणि काकडीचे चार काप न मागता पुन्हा आले की त्या टेबलाचं मन भरतं. खर्च किरकोळ असतो, मला माहीत आहे, कारण ते शेंगदाणे मीच टाकायचो. आणि बिल हाताने लिहिलेलं असलं तरी प्रत्येक ओळ वाचता येईल असं असलं पाहिजे. तिथे येणारी माणसं नशेत असतील, हिशेबात मात्र पक्की असतात.

हे तुमच्या बेकरीला लागू आहे. वजनकाटा गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवा. तुमचा नवा काटा शोकेसच्या मागे आहे, आकडे फक्त तुम्हाला दिसतात. खोक्याचं वजन धरून मिठाई तोलली जाते हा राग लोकांच्या मनात कायमचा असतो, म्हणून आधी रिकामं खोकं ठेवून शून्य करा, तेही दिसेल असं. केकवरचं नाव पोराला तोंडी सांगू देऊ नका. ऑर्डर घेताना गिऱ्हाइकाच्याच हाताने चिठ्ठीवर लिहून घ्या, मराठीत हवं असेल तर मराठीत. 'ऋ' की 'रु', 'शर्वरी' की 'शार्वरी', हे आपण अंदाजाने ठरवायचं नसतं. वर्षातून एकदा येणारा तो क्षण असतो आणि फोटोत ते नाव कायमचं राहतं. त्या आईने तुम्हाला एक तारा दिला, यात मला काही वावगं दिसत नाही.

तुम्ही पुढे लिहिता की कॅम्पातल्या प्रसिद्ध बेकरीत लोक रांगा लावतात, तिथे कोणी गोड बोलत नाही तरी चालतं. कयानी बेकरी १९५५ पासून ईस्ट स्ट्रीटवर आहे, तिची श्रूजबेरी न्यायला मुंबईची माणसं पुण्यात वाट वाकडी करतात. ते गिऱ्हाईक काही महिन्यांतून एकदा येतं, पाहुण्यांना द्यायला खोकी नेतं, आणि रांगेत उभं राहणं त्याने आधीच मान्य केलेलं असतं. तुमच्याकडे माणूस रोज येतो, कधी दोनदा. त्या बेकरीचं वागणं उचलून तुमचं भलं होणार नाही. उचलायचंच असेल तर मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानियाचं उचला. १९२३ पासूनचं ते इराणी हॉटेल. त्याचे मालक बोमन कोहिनूर २०१९ मध्ये ९७ व्या वर्षी गेले. फार उतारवयातही ते टेबलाटेबलाशी जाऊन लोकांची विचारपूस करायचे, ऑर्डर घ्यायचे. बेरी पुलाव तर आहेच, पण ज्यांनी त्यांना पाहिलं ते पुलावाआधी त्यांच्याबद्दल बोलतात. तुमचे वडील अजून हिंडते-फिरते आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्यांना सकाळी दोन तास काउंटरवर खुर्ची टाकून बसवा. त्यांनी काही विकायची गरज नाही. जुन्या माणसांना ओळखीचा चेहरा दिसला पाहिजे.

नियमांच्या बाबतीत फार लिहीत नाही. अन्नसुरक्षेचा परवाना दिसेल असा लावा. खारी वर्तमानपत्रात बांधू नका, त्याला मनाई आहे आणि शाई पदार्थाला लागते. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेवर 'कधीपर्यंत खावं' ती तारीख लिहावी लागते. तुम्ही मावा केक आणि पेस्ट्रीलाही तीच पद्धत लावा. कालची पेस्ट्री आजच्या भावात खपवू नका. दुपारनंतर 'कालची, अर्ध्या किमतीत' अशी चिठ्ठी लावली तर ती संपते आणि आजची पेस्ट्री खरंच आजची आहे यावर लोकांचा विश्वास बसतो.

आता गूगलचे शेरे. ते लिहिणारी माणसं बहुतेक एकदाच आलेली असतात. रोजचा माणूस सहसा लिहीत नाही, म्हणून शेऱ्यांवरून फक्त नव्या माणसाला कुठे ठेच लागली तेवढं कळतं. उत्तर देताना 'आपला अभिप्राय आमच्यासाठी अमूल्य आहे' हा छापील मजकूर टाकू नका. असं लिहा: 'रविवारी साडेआठला पाव संपला होता, खरं आहे. या आठवड्यापासून काउंटरचा पाव वेगळा ठेवतोय, सकाळी दहापर्यंत मिळेल.' आणि मग दहापर्यंत तो खरोखर ठेवा. नातेवाइकांकडून पाच तारे लिहून घेऊ नका, पाच तारे दिले तर सूट अशी पाटी लावू नका. गूगलच्या नियमात ते बसत नाही, आणि आळीतल्या माणसाला तुमच्या मामेभावाचं नाव ओळखता येतं.

वेळा मात्र गूगलवर अचूक ठेवा. पुण्यात दुपारी दुकान बंद ठेवण्याची जुनी पद्धत आहे. चितळ्यांनीसुद्धा २०१७ मध्ये दुपारी एक ते चार दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली तेव्हा ती बातमी झाली होती. तुमचा कारागीर पहाटे तीनला उठतो, त्याला दुपारची झोप हवीच, दुकान बंद ठेवण्यात काही चूक नाही. पण गूगलवर 'उघडे आहे' दिसतं आणि माणूस उन्हातून येऊन शटर बघतो, याचा राग मोठा असतो. सणाच्या दिवशीची वेळ आदल्या दिवशीच बदलून ठेवा.

रोजच्या माणसाचं मत कळायला दुसरा मार्ग आहे. गल्ल्याशेजारी एक साधी वही ठेवा आणि ज्या ज्या गोष्टीला दिवसभरात 'नाही' म्हणावं लागलं ती वेळेसकट लिहा. 'पाव नाही, ८.४०.' 'गव्हाचा ब्रेड नाही, ७.१५.' 'पाचशेचे सुटे नाहीत, ९.०५.' 'मीठ कमी असलेला टोस्ट नाही.' पोरांनाही लिहायला लावा, आणि रोज रात्री स्वतः वाचा. शेजारच्या पानावर पावाची शेवटची लादी किती वाजता गेली ते टिपा. श्रावणात अंड्याच्या केकची मागणी उतरेल, गणपतीत खिरापतीला आणि पाहुण्यांना बिस्किटं जातील, डिसेंबरात प्लम केक विचारतील. हे सगळं त्या वहीत दिसायला लागेल, आणि पुढच्या वर्षी किती काढायचं याचा अंदाज कोणाला विचारावा लागणार नाही.

पिझ्झा बंद करू का, हे तुम्ही शेवटी विचारलंत. नका करू. कॉलेजची मुलं त्यासाठी येतात आणि त्यांच्यामुळे संध्याकाळी दुकान जिवंत राहतं. फक्त त्याचा ओव्हन आणि ऑर्डर घेणारा माणूस मागच्या बाजूला हलवा, पेस्ट्रीची शोकेस भिंतीला लावा, आणि दाराजवळची ती चार फूट जागा पावाला परत द्या. सुतार एका दिवसात करून देईल. सोमवारी करून घ्या, त्या दिवशी पावाचा खप तसाही कमी असतो.